शेवटची बेल वाजल्यावर काय करायचं? स्पर्धेतल्या आणि स्पर्धेनंतरच्या बॉक्सरसाठी सविस्तर

मी अकरा वर्षं बॉक्सिंग खेळलो, जिल्हा, विभाग, राज्य असं करत दोनदा नॅशनलपर्यंत गेलो, आणि आता नोकरी सांभाळून संध्याकाळी पोरांना शिकवतो. जॅब कसा टाकायचा, पाय कसे हलवायचे, दोरीवरून कसं निसटायचं हे मला निदान दहा जणांनी शिकवलं असेल. पण बाउट, म्हणजे लढत, संपल्यावर डोकं जड वाटत असेल तर काय करायचं, मेडल घेऊन घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी उगाच रडू का येतं, सर्टिफिकेट घेऊन कुठल्या ऑफिसात जायचं, हे कुणीच सांगितलं नाही. सगळं शिकवणं बेल वाजेपर्यंतचं. म्हणून हे लिहितोय, आणि खेळणाऱ्या पोरापोरींसोबत त्यांच्या आईवडलांनीही वाचावं असं मनापासून वाटतं, कारण बाउटनंतरची रात्र बहुतेक वेळा घरच्यांसमोरच जाते.

वजन: सुरुवात दोन आठवडे आधी

हौशी बॉक्सिंगमध्ये एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. टीव्हीवरचे प्रोफेशनल बॉक्सर आदल्या दिवशी एकदा वजन देतात आणि मग रात्रभर खातपीत वजन परत चढवतात. आपल्याकडे तसं नसतं, ज्या दिवशी बाउट त्या दिवशी सकाळी वजन. फायनलला पोचलात तर तिथेही परत काटा. म्हणजे चार किलो पाणी काढून एक दिवस गटात बसलात तरी उद्या परत तेच करायचंय, आणि मधे कुणाचे तरी ठोसेही खायचेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं फायनलच्या सकाळी काय झालं ते अख्ख्या देशाने बघितलं, कुस्तीत 50 किलो गटात 100 ग्रॅम जास्त भरले आणि हातातलं मेडल गेलं. आदल्या दिवशी ती वजनात बसली होती.

वर्ल्ड बॉक्सिंग या जागतिक संघटनेने 2025 पासून मोठ्या पुरुषांचे गट 50, 55, 60 असे पाच-पाच किलोच्या टप्प्याने 90 पर्यंत आणि त्याच्या वर असे केलेत. टप्पा मोठा असल्याने 63 किलोच्या पोराला वाटतं खाली 60 ला उतरू. तुमच्या स्पर्धेचं परिपत्रक आधी वाचा, शाळेच्या स्पर्धांचे गट वेगळे असतात, आणि मग ठरवा.

आता मी पोरांकडून काय करून घेतो ते सांगतो. पंधरा दिवस आधीपासून रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दहा दिवस राहिले असताना गटापेक्षा दोन-अडीच टक्क्यांहून जास्त वर असाल, म्हणजे 60 च्या गटाला साधारण दीड किलो, तर वरच्या गटात खेळायचं. यात घासाघीस नाही. त्याच्या आत असाल तर पापड, लोणचं, फरसाण, वडापाव बंद, जेवणातलं तेल कमी, रात्रीचं जेवण आठच्या आत. शेवटचे दोन दिवस भाकरी, उसळ, कोशिंबीर थांबवून मऊ भात, दही, अंडी असं हलकं खायचं. ऐकून नवल वाटेल, पण भाकरी आणि कडधान्याचा चोथा आतड्यात बराच वेळ राहतो, तो कमी केला की पाणी न तोडता काही ग्रॅम उतरतात.

प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणं, बादलीत थुंकत बसणं, दोन दिवस पाणी तोडणं हे सगळं मी स्वतः केलंय. एकदा तर काट्यावरून उतरताना डोळ्यासमोर अंधारी आली आणि त्याच दुपारी बाउट होती, पहिल्या राउंडलाच पाय शिशाचे झाले. कोरड्या पडलेल्या शरीराला डोक्यावरचा मार जास्त महागात पडतो, म्हणून हे नकोच. आणि पाणी काढायच्या गोळ्या, फ्युरोसेमाइड वगैरे, त्या तर डोपिंगमध्ये बाराही महिने बंदी असलेल्या आहेत. मिसरूड फुटायच्या वयातल्या पोरांनी वजन पाडायचंच नाही, वाढीचं वय आहे, जेवढं वजन तोच गट.

वजन दिल्यावर एकदम लिटरभर पाणी ढोसू नका. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, असं घरीच करून बाटलीत न्या किंवा ओआरएसची पुडी घ्या, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडं थोडं प्या. सोबत केळी, खजूर, साधा वरणभात. बाउटच्या तीन तास आधी शेवटचं नीट जेवण. मैदानाबाहेर मिसळीचा वास येईल, पण ती जिंकल्यावर.

बॅग आणि मुक्काम

दोन गमशील्ड, म्हणजे दातांवर बसवायची कवचं, घ्या, आणि लाल रंगाचं अजिबात नको, ते चालत नाही कारण तोंडातलं रक्त लपतं. लाल आणि निळी दोन्ही बनियन, कारण लाल की निळा, कुठला कॉर्नर मिळेल ते ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, ठरतं. हाताला गुंडाळायच्या बँडेजच्या दोन जोड्या, पोटाखालचं गार्ड, टॉवेल, दोरी, स्वतःची पाण्याची बाटली. आधार, जन्माचा दाखला, मेडिकल फिटनेस, बॉक्सरची नोंदवही, हे सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि फोल्डर बॅगेत न टाकता हातात.

राहायला बहुतेक वेळा शाळेचा हॉल नाहीतर संकुलातली डॉर्मिटरी, वीस पोरं, दोन संडास. कानात घालायला कापूस आणि अंगावर घ्यायला स्वतःची चादर न्या, झोप झाली नाही तर दुसऱ्या बाउटला हात वर राहत नाहीत. सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून कुठलीही गोळी आणून घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात बंदीत येतं आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं टर्ब्युटालिन कायमच बंदीत. हे औषध जाणूनबुजून घेतलं नव्हतं असं सांगून सुटका होत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. नाडा या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचं औषध तपासायचं ॲप आहे, त्यात नाव टाकून बघा, डॉक्टरला आधीच सांगा की मी खेळाडू आहे.

बाउटचा दिवस

यावर थोडक्यात, कारण हे तुम्हाला तुमचे सर शिकवतातच. मोठ्यांना तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड, मधे एक मिनिट. पाच जज प्रत्येक राउंड वेगळा मोजतात, राउंड घेणाऱ्याला 10, दुसऱ्याला बहुतेकदा 9. म्हणजे "तिसऱ्यात बघून घेऊ" हा विचार चालत नाही, पहिला राउंड गेला की निम्मी गाडी चुकली. स्टुलावरच्या मिनिटात पहिले वीस सेकंद फक्त श्वास, मग एक घोट पाणी, मग कॉर्नरला उभ्या असलेल्या सरांकडून एकच गोष्ट ऐकायची. आणि कॉर्नरला येणाऱ्या काका-मामांनी, भावांनी कृपा करून एकाच वेळी पाच सूचना देऊ नयेत, त्या पोराला त्यातली एकही ऐकू जात नाही.

हेडगार्डबद्दल एक गैरसमज काढतो. मोठ्या पुरुषांचं हेडगार्ड 2013 मध्ये काढलं, मुली आणि लहान गट अजून घालतात. हेडगार्ड भुवई फाटण्यापासून वाचवतं. आत मेंदू हलतो तो हलतोच. "हेडगार्ड होतं ना, मग काय होतंय" असं म्हणू नका.

पहिला तास

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

बाउट संपली की हात थरथरत असतात. बँडेजची गाठ स्वतःला सुटत नाही, घामाने ती आवळून दगड झालेली असते, कुणीतरी दाताने सोडवतं, आणि मग एकेक वेढा निघताना खालची कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटांच्या खाचेत बँडेजचे वळ उमटलेले. हा वेळ घाई न करता घालवा. प्रत्येक बोट दाबून बघा, मूठ वळा, उघडा. करंगळीच्या मागचं हाड दाबल्यावर कळ आली किंवा मूठ वळताना करंगळी शेजारच्या बोटावर तिरकी चढत असेल तर फ्रॅक्चरची शंका घ्यायची, ठोसा मारताना हे हाड मोडू शकतं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर तिथलं बारकं हाड पहिल्या एक्सरेत कधीकधी दिसतच नाही, म्हणून दहा दिवसांनीही दुखत असेल तर परत एक्सरे काढा. "मुका मार आहे" म्हणून हळद लावून गप्प बसलेल्या पोरांची मनगटं पुढे कायमची आखडलेली मी बघितलीत.

नाकातून रक्त येत असेल तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून बसायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं तोंडाने श्वास घ्यायचा, मधे मधे सोडून बघायचं नाही. रक्त थांबलं तरी आरशासमोर टॉर्च धरून नाकात बघा, मधल्या पडद्यावर लालसर-जांभळी मऊ सूज असेल आणि नाक पूर्ण बंद वाटत असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा. तिथे साठलेलं रक्त वेळेत काढलं नाही तर आतली कूर्चा सडून नाक बसतं. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके तरंगणं, बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसणं, यातलं काहीही असेल तर डोळ्याचा डॉक्टर, उद्या नाही, आजच.

आणि डोकं.

मी वीस वर्षांचा असताना राज्य स्पर्धेत दुसऱ्या राउंडला रेफ्रीने माझी बाउट थांबवली. मी पडलो नव्हतो, उभा होतो, म्हणून सगळ्यांना वाटलं फार काही नाही. मला तर चक्क राग आला होता की थांबवली का. बाहेर आलो, कुणीतरी दुखण्याची गोळी दिली, ती घेतली आणि डॉर्मिटरीत एकटाच झोपलो. रात्री दोनदा उलटी झाली. सोबतच्या सरांनी सांगितलं पित्त झालंय, उन्हाचं झालंय, लिंबूसरबत पी. दुसऱ्या दिवशी साडेआठ तास बसने घरी आलो आणि त्या प्रवासातलं मला आजही काही आठवत नाही. आईने दार उघडल्यावर मी तिला विचारलं म्हणे की माझी बाउट कधी आहे. माझं नशीब चांगलं, त्यातून बरा झालो. पण ती गोळी, ती एकट्याची झोप आणि ते लिंबूसरबत हे तिन्ही चुकीचं होतं, आणि बरोबर काय ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

तर बरोबर हे आहे. डोक्याला जोरात लागलेल्या, काउंट मिळालेल्या (म्हणजे रेफ्रीने आकडे मोजलेल्या) किंवा बाउट थांबवलेल्या पोराला पहिला तास एकट्याला सोडायचं नाही. जिंकलेल्यालाही हेच लागू, जिंकणाराही डोक्यावर खातो. त्याला विचारा: आपण कुठल्या गावात आहोत, तुझा कॉर्नर कुठला होता, मागची बाउट कुणाशी झाली, सकाळी काय खाल्लंस? उत्तर अडखळत आलं, तोच प्रश्न तो परत परत विचारतोय, उजेड सहन होत नाही, चालताना तोल जातोय, मळमळतंय, किंवा नेहमीचा बडबड्या पोरगा एकदम गप्प झालाय, तर कंकशन, म्हणजे मेंदूला धक्का बसलाय, असं धरून चालायचं आणि त्या दिवशी परत रिंगमध्ये नाही, उद्याही नाही. त्यासाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. रिंगजवळच्या डॉक्टरला दाखवा आणि लेखी घ्या.

थेट हॉस्पिटलला कधी न्यायचं? परत परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, एक बाहुली मोठी दिसणं, हातापायाला मुंग्या किंवा ताकद जाणं, बोलणं जड होणं, उठवून न उठणं. यातलं एक जरी दिसलं तरी थांबून बघायचं नाही, सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन असल्या गोळ्या पहिले दोन दिवस नकोत, आत रक्त येत असेल तर ते वाढू शकतं. दारू तर नाहीच. त्या रात्री सोबत कुणीतरी जागं राहणारं हवं, झोपू द्यावं पण अधूनमधून उठवून नाव-गाव विचारावं. आणि दुसऱ्याच दिवशी स्लीपर कोचच्या वरच्या बर्थवर टाकून पोराला घरी पाठवू नका, जमलं तर एक दिवस मुक्काम वाढवा.

पहिला महिना

नॉकआउट झाला किंवा डोक्यावरच्या माराने बाउट थांबवली तर नियमाने कमीत कमी 30 दिवस ना बाउट ना स्पारिंग, म्हणजे सरावातली लढत. तीन महिन्यांत दोनदा झालं तर 90 दिवस, वर्षात तीनदा झालं तर अख्खं वर्ष. नोंदवहीत ही नोंद झाली नाही तरी तुम्ही स्वतः पाळा. दुसऱ्या वहीवर, दुसऱ्या जिल्ह्यातून खेळायची आयडिया देणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. पहिली दुखापत भरायच्या आत दुसरा मार बसला तर जीवही जाऊ शकतो, हे मी घाबरवायला सांगत नाहीये.

परत येताना पायऱ्या अशा: पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, घरातल्या घरात फिरणं चालेल. मग चालणं, मग हलकं पळणं, मग दोरीच्या उड्या आणि शॅडो, म्हणजे हवेत ठोसे, मग टांगलेल्या बॅगवर ठोसे, मग सरांनी हातात धरलेल्या पॅडवर. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्या, डोकं दुखलं की एक पायरी खाली. स्पारिंग सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरने हो म्हटल्यावरच. शाळा-कॉलेज आधी, बॉक्सिंग नंतर. वर्गात तासभर बसून डोकं दुखत असेल तर पोरगा रिंगसाठी तयार नाही.

मनाचंही बोलू. स्पर्धेहून आल्यावर दोन-तीन दिवसांनी एकदम रिकामं वाटतं. हरलेल्याला तर वाटतंच, जिंकलेल्यालाही वाटतं, स्टेशनवर हार-गुलाल झाला, फ्लेक्स लागला, आणि सोमवारी परत तोच रस्ता, तीच ट्युशन. कित्येक महिने रोजचा दिवस एका तारखेकडे धावत असतो आणि ती तारीख गेली की काय करायचं कळत नाही. मी पोरांना स्पर्धेला जायच्या आधीच परतल्यानंतरच्या आठवड्याचं ठरवायला लावतो: कुठल्या मित्राला भेटणार, कुठला पिक्चर, घरातलं कुठलं काम. बॉक्सिंगचं काहीही नको. खाण्यावर तुटून पडायचंही याच आठवड्यात होतं, आठ दिवसांत चार किलो चढवून आलेली पोरं आहेत माझ्याकडे. दोन दिवस पुरणपोळी खा, तिसऱ्या दिवशी परत वही काढा. आणि हे रिकामपण दोन-तीन आठवडे हटलंच नाही, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर ते डोक्याच्या मारामुळेही असू शकतं, डॉक्टरला दोन्ही सांगा. आईवडलांना एक विनंती, हरून आलेल्या पोराला पहिल्या जेवणावर "मग काय झालं?" विचारू नका, तो स्वतःहून सांगेल.

कागद

कंटाळवाणं आहे, पण यावर नोकरी अवलंबून असते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, स्पर्धेच्या पातळीनुसार जास्तीत जास्त 25, प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत बोर्डाला जातो आणि मुदत असते, ती शाळेत जाऊन विचारा, कुणी फोन करून सांगत नाही. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, आधीच करून ठेवा. माझ्या एका मित्राकडे सोनेरी बॉर्डरची सात सर्टिफिकेटं होती, सगळी कसल्यातरी "ओपन नॅशनल"ची, मान्यता नसलेल्या संघटनेची. पडताळणीत एकही टिकलं नाही. चार वर्षांच्या ट्रेनच्या तिकिटांचे पैसे त्याच्या वडलांनी दूध घालून काढले होते. म्हणून एंट्री भरण्याआधी विचारा, स्पर्धा अधिकृत राज्य संघटनेची आहे का, तिची मान्यता चालू आहे का. मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट करू नका, स्कॅन करून ठेवा, ड्रॉशीटचा आणि निकालाचा फोटोही ठेवा.

खेळ सुटल्यावर

ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगची आपली मेडल तीन, विजेंदर 2008, मेरी कोम 2012, लवलिना टोकियोत, आणि तिन्ही ब्राँझ. म्हणजे हजारो खेळणाऱ्यांना दुसरं आयुष्य उभं करावंच लागतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून शरीर निकामी झालं, बॉक्सिंग कायमचं गेलं. पाण्यात उतरले आणि 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईलचं गोल्ड आणलं. मी हे पोरांना सांगतो ते त्यांनी पोहावं म्हणून नाही. बॉक्सिंगने लावलेली शिस्त दुसऱ्या कामात वापरता येते एवढंच दाखवायला.

शिकवायचं असेल तर पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, डिप्लोमा आहे, आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही, सुरुवात त्याने करता येते. रेफ्री-जजची परीक्षा देऊन रिंगमध्ये राहता येतं. सैन्य, रेल्वे, पोलीस यांच्या खेळाडू भरतीला वयाची अट असते, म्हणून विसाव्या-एकविसाव्या वर्षीच अर्ज सुरू करा, अजून एक नॅशनल खेळू मग बघू करत बसलात तर वय निघून जातं. ग्रॅज्युएशन कसंही करून पूर्ण करा.

शरीराचं पण बघा. दोन वेळची प्रॅक्टिस थांबते आणि भूक तशीच राहते, सहा महिन्यांत पोट सुटतं. एकदम बंद करू नका, आठवड्यात चार दिवस पळणं आणि बॅग चालू ठेवा. बॉक्सरच्या मेंदूवर वर्षानुवर्षांच्या माराचा परिणाम होतो हे हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1928 मध्येच लिहून ठेवलंय. चाळिशीत विसराळूपणा, एकाएकी येणारा राग, हाताचा कंप जाणवला तर "वय झालं" म्हणून सोडू नका, न्यूरॉलॉजिस्टला सांगा की मी इतकी वर्षं बॉक्सिंग खेळलोय, तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

आणि एक, खेळ सोडल्यावर पोरांशी गंमत म्हणून स्पारिंगला उतरायचा मोह होतो. मार एकूण किती खाल्ला ते महत्त्वाचं, आणि गमतीतला ठोसाही त्यात धरला जातो. मी दोन वर्षांपासून फक्त पॅड धरतो. "सर, एकच राउंड!" म्हणून पोरं मागे लागतात. मी टायमर तीन मिनिटांवर लावतो, दोघांची गमशील्ड नीट बसलीत का बघतो आणि दोरीच्या बाहेर उभा राहतो.